डेटा आत घेण्याआधी: तपासणी कशाची, कुठे आणि कोणासमोर?

संशोधकांशी गप्पा मारताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "विश्लेषण राहिलं बाजूला, आमचा वेळ डेटा साफ करण्यातच गेला." विषय कुठलाही असो, तक्रार तीच. कुणाचं वय १८७ वर्षं निघतं, कुणाचं लग्न जन्माच्या आधी झालेलं असतं, तर एकच फोन नंबर चाळीस जणांच्या नावापुढे सापडतो. मग आपण साफसफाईच्या युक्त्यांवर बोलत बसतो. आज मात्र एक पाऊल मागे जाऊ या. ही घाण आत आली कशी? दारात कुणी अडवलं का नाही?

वेब ॲप्लिकेशनमध्ये या दाराला एक ठरलेली जागा असते. तिथे डेटा साठवण्याआधी तपासला जातो, त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. प्रोग्रामिंग शिकताना हा धडा दहा मिनिटांत उरकतो: ई-मेलमध्ये ॲटचं चिन्ह आहे का बघा, रिकामी जागा सोडू देऊ नका, झालं. प्रत्यक्षात कुणाला कर्जमाफी मिळते आणि कोण यादीबाहेर राहतं, हे या दहा मिनिटांच्या धड्यावर ठरू शकतं. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी दुधाचं बघू

मी राहते त्या हॅमिल्टन शहराच्या उत्तर टोकाला ते रापा नावाचा भाग आहे. तिथे वायकाटो नदीच्या जवळ फॉन्टेरा या सहकारी कंपनीचा दूध पावडरचा मोठा कारखाना आहे, आणि हंगामात रस्त्यावर दुधाचे टँकर सतत दिसतात. टँकर गोठ्यावर पोचला की पाइप लावून लगेच दूध ओढून घेत नाहीत. ड्रायव्हर आधी टाकीतल्या दुधाचं तापमान बघतो, वास आणि रंगरूप बघतो, आणि त्या गोठ्याचा नमुना वेगळा काढून ठेवतो. इथल्या नियमानुसार न्यायला येईपर्यंत दूध ६ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवावं लागतं. हे सगळं झालं की मगच दूध टँकरमध्ये जातं.

महाराष्ट्रातल्या गावात वाढलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. संकलन केंद्रावर किटली घेऊन गेलं की आधी नमुना काढतात, फॅट आणि एसएनएफ बघतात, आणि मग दूध मोठ्या कॅनमध्ये ओततात. गाईच्या दुधाच्या दरासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे आकडे कितीतरी घरांमध्ये तोंडपाठ असतात.

दोन्हीकडे क्रम तोच, आणि त्यामागचं कारणही तेच. एकदा ओतलं की दूध मिसळतं. एका गोठ्यातल्या दुधात औषधाचा अंश असेल तर सगळा टँकर वाया जाऊ शकतो. मिसळण्याआधी मात्र हे दूध कुणाचं, दोष कशाचा आणि तो दुरुस्त कोण करू शकतो, हे सगळं ठाऊक असतं. डेटाच्या तपासणीचं तत्त्वही नेमकं हेच आहे. खरं उत्तर ज्याला माहीत आहे तो माणूस समोर असेपर्यंत तपासा. तो उठून गेला की उरतात फक्त अंदाज.

मॉडेल म्हणजे काय, आणि दारं किती?

इथे मॉडेल म्हणजे मशीन लर्निंगचं मॉडेल नव्हे. वेब ॲप्लिकेशनमध्ये मॉडेल म्हणजे एखाद्या गोष्टीचं प्रोग्रामला समजेल असं वर्णन. 'शेतकरी' हे मॉडेल असेल तर त्याला नाव, आधार क्रमांक, गाव, बँक खातं अशी अंगं असतील. फॉर्म भरला की या मॉडेलची एक प्रत तयार होते, आणि 'सेव्ह' म्हटल्यावर ती डेटाबेसमध्ये जाऊन बसते.

वाटेत तीन दारं लागतात. पहिलं तुमच्या ब्राउझरमध्ये: रकाना लाल होतो, "कृपया हे भरा" असं सांगितलं जातं. हे दार सोयीसाठी असतं. ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असतो, त्यामुळे ज्याला या दाराला वळसा घालायचा आहे तो सहज घालतो. दुसरं दार मॉडेलमध्ये, म्हणजे सर्व्हरवर असतं. आपले अर्थपूर्ण नियम इथे लिहायचे. तिसरं दार डेटाबेसचं. तिथले नियम थोडे आणि ठाम असतात: हा रकाना रिकामा चालणार नाही, हा आकडा दोनदा येणार नाही, हे खातं अमुक बँकेच्या यादीत असलंच पाहिजे.

ब्राउझरमध्ये तपासलं म्हणजे झालं, असं नवशिक्यांना वाटतं. थोडा अनुभव आला की मॉडेलमध्ये तपासलं म्हणजे झालं, असं वाटू लागतं. दोन्ही अपुरं आहे. असं का, ते आधी नियमांचे प्रकार पाहिले की कळेल.

तीन प्रश्न

दारावरचा पहारेकरी तीन प्रकारचे प्रश्न विचारू शकतो.

पहिला प्रश्न रूपाचा. आधार क्रमांक १२ अंकी आहे का? सुरुवातीला ० किंवा १ तर नाही ना? त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. ही पद्धत डच गणितज्ञ याकोबस व्हरहुफ यांनी १९६९ मध्ये मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले, तर हिशेब जुळत नाही आणि चूक जागीच कळते. न्यूझीलंडच्या आरोग्य क्रमांकातही असंच तपासणी-चिन्ह असतं. शिवाय १ आणि ० यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय आणि ओ ही रोमन अक्षरं वापरतच नाहीत. नंबर बनवतानाच टायपिंगच्या चुकांचा विचार केलेला आहे.

दुसरा प्रश्न आतल्या मेळाचा. प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे बरोबर असला तरी एकत्र बसतो का? कर्ज घेतल्याची तारीख फेडल्याच्या तारखेआधीची आहे ना? तालुका त्याच जिल्ह्यातला आहे ना?

तिसरा प्रश्न बाहेरच्या मेळाचा. हा आधार क्रमांक आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर नोंदला आहे का? याचं उत्तर फॉर्मकडे बघून मिळत नाही, सगळी यादी बघावी लागते.

चौथा प्रश्न आहे, पण तो पहारेकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा: हे *खरं* आहे का? तपासणी-अंक जुळला म्हणजे नंबर धडपणे लिहिलेला आहे, एवढंच कळतं. तो समोरच्या माणसाचाच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. हा फरक कागदावर बारीक वाटतो. आता तो जमिनीवर बघू.

२०१७: यादी, आधार आणि चावडी

जून २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी, सुमारे ३४ हजार कोटी रुपयांचा अंदाज, ८९ लाख शेतकरी. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे होते. दुसऱ्या बाजूने बँका कर्जखात्यांची माहिती देणार होत्या, आणि दोन्ही प्रवाह जुळवून पात्र कोण ते ठरणार होतं. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, पहिली प्रमाणपत्रं वाटली गेली.

त्यानंतर यादी बँकांकडे गेली आणि घोळ बाहेर आला. अनेक वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक, एकच बचत खातं, अशा नोंदी निघाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. पैसे खात्यात पडणं लांबलं. जुळलेल्या नावांची 'ग्रीन लिस्ट' हा शब्द गावोगावी पोचला, आणि न जुळलेली प्रकरणं तालुकास्तरीय समित्यांकडे गेली.

सॉफ्टवेअरच्या नजरेने पाहिलं तर हा तिसऱ्या प्रश्नाचा पेच आहे. "मग एकच आधार दोनदा येऊ द्यायचा नाही, असा नियम लावायचा, त्यात काय?" असं तुम्ही म्हणाल. थांबा. एका शेतकऱ्याची जिल्हा बँकेत आणि राष्ट्रीयीकृत बँकेत अशी दोन कर्जं असू शकतात. कर्जांच्या यादीत त्याचा आधार क्रमांक दोनदा येणं अगदी रास्त आहे. तिथे आंधळेपणाने नियम लावला तर त्याचं दुसरं कर्ज दारातच अडेल. माफीची मर्यादा कुटुंबाला धरून होती, म्हणजे नवरा-बायकोची खाती एकत्र बघायची होती. याचा अर्थ माणूस, कुटुंब आणि कर्ज ही तीन वेगळी मॉडेलं हवीत. 'एक आधार, एक माणूस' हा नियम माणसाच्या मॉडेलवर लागेल, कर्जाच्या नाही. नियम लिहिण्याआधी तो कशाबद्दल आहे हे ठरवावं लागतं. तपासणी चुकते तेव्हा बऱ्याचदा मूळ चूक मॉडेलच्या आखणीत असते.

याच योजनेत आणखी एक गोष्ट झाली, आणि ती मला फार मोलाची वाटते. गावोगावी अर्जांच्या याद्यांचं चावडी वाचन झालं. नावं मोठ्याने वाचायची, गावाने ऐकायची, हरकत असेल तर सांगायची. चौथा प्रश्न, 'हे खरं आहे का?', कुठलाही कोड विचारू शकत नाही. पण शेजारी विचारू शकतो. आपली जुनी चावडी म्हणजे डेटाची तपासणीच, फक्त तिच्यासमोर माणसं बसलेली असतात.

दाराला असलेल्या फटी

आता मॉडेलमध्ये नियम लिहूनही डेटा का घाण होतो, ते पाहू. जँगो ही पायथनमधली लोकप्रिय चौकट घ्या. तिच्यात तुम्ही मॉडेलवर नियम लिहिता आणि फॉर्ममधून आलेला डेटा त्या नियमांनी तपासला जातो. पण कोडमधून थेट 'सेव्ह' म्हटलं तर 'फुल क्लीन' ही तपासणी आपोआप चालत नाही, ती सांगावी लागते. रुबीमधल्या रेल्समध्ये उलट आहे: 'सेव्ह' तपासणी करूनच पुढे जातो, पण 'अपडेट कॉलम' किंवा 'इन्सर्ट ऑल' या वाटा तपासणीला वळसा घालून डेटाबेसपर्यंत पोचतात. यात लपवाछपवी नाही, माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. एका वेळी लाखभर नोंदी चढवायच्या असतात तेव्हा वेगासाठी या वाटा लागतातच.

अडचण अशी की घाण डेटा बहुतेक याच वाटेने येतो. एकेक माणूस फॉर्म भरतो तेव्हा पहारा कडक. कुठल्या तरी कार्यालयातून एक्सेलची फाइल येते, आणि ती मात्र मागच्या दाराने सगळीच्या सगळी आत. फाइल चढवणाऱ्याला त्यातल्या माणसांची माहिती नसते आणि माहिती असणारी माणसं तिथे नसतात.

दुसरी फट वेळेची. एसटीच्या आरक्षणाच्या दोन खिडक्या कल्पून बघा. दोघांनी एकाच क्षणी तक्त्यात पाहिलं: सीट नंबर १२ रिकामी. दोघांनी तिकीट फाडलं. दोघांनीही तपासलं होतं, दोघांचंही तपासणं बरोबर होतं, आणि तरी एका सीटवर दोन प्रवासी. मॉडेलमधला 'हा क्रमांक आधी आहे का?' हा प्रश्न असाच फसतो, कारण बघणं आणि लिहिणं यांच्यामध्ये क्षणभराचं अंतर असतं. म्हणून एकमेवतेचा नियम डेटाबेसच्या दारावरही हवा. तिथे बघणं आणि लिहिणं एकाच दमात होतं. दुसऱ्या खिडकीला "सीट गेली" असं उत्तर मिळतं.

पहारेकरी फार कडक असला तर

आतापर्यंत पहारा सैल असण्याची भीती वाटत होती. त्याच्या उलट बाजूचं नुकसान गुपचूप होतं, म्हणून त्याची चर्चा कमी.

ते रापा याच नावाचं बघा. माओरीत त्यातला पहिला 'आ' दीर्घ आहे, आणि रोमन लिपीत तो दाखवायला अक्षरावर आडवी रेघ देतात. ही रेघ शोभेची नाही: मतुआ म्हणजे वडील आणि मातुआ म्हणजे आई-वडील. देवनागरीत ते आपसूक लिहिलं जातं. पण 'फक्त ए ते झेड' असा नियम असलेला फॉर्म ही रेघ नाकारतो. ज्या देशात माओरी १९८७ पासून अधिकृत भाषा आहे, तिथल्या गावाचं नाव तिथल्याच फॉर्ममध्ये 'अवैध' ठरू शकतं.

मराठीचं दुखणं आणखी मजेशीर आहे. समजा, नावात कुठल्याही लिपीतली फक्त अक्षरंच चालतील, असा उदार नियम तुम्ही लिहिलात. 'कमल' पास होईल, 'कमला' नापास. युनिकोडच्या हिशेबात क, म, ल ही अक्षरं आहेत, पण काना हे 'चिन्ह' आहे आणि त्याचा वर्ग वेगळा. सीमा, विनोद, गौरी सगळे दाराबाहेर. लांबीचंही तसंच. 'ज्ञानेश्वर' या नावात डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, युनिकोड दहा चिन्हं मोजतं आणि साठवणीत तीस बाइट लागतात. 'नाव वीसच्या आत हवं' म्हणताना वीस काय, हे सांगायला नको?

आणि गोऱ्हे, कऱ्हाडे ही आडनावं घ्या. त्यातला 'ऱ' एका चिन्हाने लिहिता येतो, 'र' खाली नुक्ता देऊन दोन चिन्हांनी लिहिता येतो, किंवा 'र्' नंतर 'झिरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं चिन्ह टाकूनही तसाच दिसतो. डोळ्यांना तिन्ही सारखं, संगणकाला तीन वेगळी नावं. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात, तिसरी होत नाही. 'न दिसणारी चिन्हं काढून टाका' असा सरसकट नियम लावलात तर गोऱ्हे यांचं गोर्हे होऊन बसतं. तुलना करताना आपला नियम आपणच लिहावा लागतो, आणि तो मराठी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा लागतो.

कडक पहाऱ्याचा सर्वांत वाईट परिणाम हा की माणसं खोटं लिहायला शिकतात. आडनाव सक्तीचं केलं की एकच नाव असलेला माणूस तिथे टिंब टाकतो किंवा पहिलंच नाव पुन्हा लिहितो. फोन सक्तीचा केला की नऊच्या आकड्याची माळ येते. आपल्याकडे शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. त्या पिढीतले किती तरी लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले. तारखेचं रूप अगदी शुद्ध, कुठलाही नियम मोडलेला नाही, आणि माहिती मात्र खोटी. 'माहीत नाही' हे प्रामाणिक उत्तर लिहायला फॉर्ममध्ये जागा नसली की असंच होणार. दूध नाकारलं तर ते परत जातं. माणूस नाकारला तर तो वेश बदलून पुन्हा येतो.

२०२०: तपासणीची जागा बदलली

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, मर्यादा दोन लाख रुपये. यात शेतकऱ्याने अर्ज भरायचा नव्हता. बँकांनी आपल्या खात्यांवरून माहिती चढवायची, प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक द्यायचा, आणि यादी गावात लावायची. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी ६८ गावांसाठी लागली. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आपला क्रमांक सांगायचा, आधार प्रमाणीकरण करायचं, आणि पडद्यावर दिसणारी रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचं. मान्य असेल तर पुढे पैसे; नसेल तर तक्रार जिल्हा पातळीवरच्या समितीकडे.

राजकारण बाजूला ठेवून फक्त रचना बघा. माहिती ज्याच्या वहीत आहे त्याच्याकडून घेतली, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला पैसे निघण्याआधी दाखवली. नकार द्यायची सोय ठेवली, आणि नकारानंतर कुठे जायचं तेही सांगितलं. यातही खोच आहेच: कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनला लागत नाहीत, आणि केंद्रापर्यंतची फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी. तपासणीचा खर्च नेहमी कुणाला तरी सोसावा लागतो. तो कोण सोसतोय, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

उद्या एखादा फॉर्म बनवायला बसलात तर

तुमचा फॉर्म सर्वेक्षणाचा असेल, प्रयोगशाळेतल्या नमुन्यांचा असेल किंवा गावच्या वाचनालयाचा. चार गोष्टी हाताशी ठेवा.

अशक्य आणि अनोळखी यात फरक करा. बाराऐवजी अकरा अंकांचा आधार क्रमांक अशक्य आहे, अडवा. एकशेतीन वर्षांची आजी अनोळखी आहे, "नक्की १०३?" असं विचारा आणि हो म्हटलं तर आत घ्या.

नियम मॉडेलमध्ये लिहा, आणि ज्याच्याशिवाय सगळी यादी कोसळेल असे दोन-चार नियम डेटाबेसवरही ठेवा. फाइल चढवण्याच्या वाटेवर तोच पहारा बसवा. नापास ओळी फेकून न देता कारणासकट वेगळ्या काढा आणि पाठवणाऱ्याला परत करा.

संदेश माणसाला कळेल असा लिहा. "अवैध नोंद" यातून काहीच कळत नाही. "आधार क्रमांक १२ अंकी असतो, तुम्ही ११ अंक लिहिलेत" असं म्हटलं की माणूस जागच्या जागी दुरुस्त करतो.

आणि 'माहीत नाही' ला जागा ठेवा. रिकामा रकाना डोळ्यांना खुपतो हे खरं, पण कोणती माहिती गोळा करायची राहिली आहे ते तो सांगतो. १ जूनने भरलेला रकाना तेही सांगत नाही.